संपाच्या काळातला तिसरा माणूस

कारखान्यात किंवा कंपनीत संप झाला की वर्तमानपत्रांत दोघांच्याच बातम्या येतात. व्यवस्थापन काय म्हणते आणि युनियन काय म्हणते. ज्याने युनियनची पावती फाडलेली नाही, पण ज्याला सकाळी सातच्या पाळीला गेटवर हजर राहायचे आहे, त्या तिसऱ्या माणसाने डबा घेऊन घराबाहेर पडावे की पडू नये, याची विचारपूस कोणी करीत नाही. आत गेला तर संपवाले त्याला गद्दार म्हणतात. घरी बसला तर व्यवस्थापन त्याचे नाव कापते, आणि संप मिटल्यावर त्याच्यासाठी भांडायला कोणीही नसते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत अशा माणसांची संख्या कायम कामगारांच्या मानाने वाढत गेली आहे, हे सकाळी त्र्यंबक रोडवर उभे राहून पाहणाऱ्या कोणालाही कळते. आपल्या मोहल्ल्यांतून कामाला जाणारी मुले बहुतेक याच वर्गातली आहेत. म्हणून व्यापाराच्या या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत.

प्रश्न समजून घेण्यासाठी आम्ही उदाहरण निवडले आहे ते विमान कंपनीचे. वाचक म्हणतील, सातपूरच्या हेल्परचा आणि पायलटचा संबंध काय? पगार पाहिला तर काहीच नाही. परंतु विमानाच्या धंद्यात कोण कोणत्या संघटनेत आहे, कोण बाहेर आहे, कोणाचे काम कोण करू शकतो आणि कोण करू शकत नाही, हे सारे कागदावर लिहिलेले असते. कारखान्याच्या धुरळ्यात जे नीट दिसत नाही, ते तेथे स्वच्छ दिसते.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या 2007 साली एकत्र करण्यात आल्या. कंपनी एक झाली, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. जुन्या एअर इंडियावाल्यांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि जुन्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. पगाराचा हिशेब वेगळा, बढतीचा नियम वेगळा. 27 एप्रिल 2011 पासून असोसिएशनच्या सुमारे 800 वैमानिकांनी संप केला. मुख्य मागणी अशी की, एका कंपनीत एका कामाला एकच दाम मिळावा. दहा दिवस संप चालला. गिल्डवाले त्यात नव्हते. सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली आणि विमाने पुन्हा उडू लागली.

पुढच्याच वर्षी पारडे फिरले. 8 मे 2012 पासून गिल्डचे वैमानिक बाहेर पडले. बोइंग 787, ज्याला ड्रीमलायनर म्हणतात, ते नवे विमान कंपनीत येणार होते. त्याचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या वैमानिकांना देण्यास गिल्डचा विरोध होता. हा संप 58 दिवस, 3 जुलैपर्यंत चालला आणि शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले. या वेळी असोसिएशनवाले कामावर होते. म्हणजे चौदा महिन्यांच्या आत प्रत्येक गट एकदा संपकरी झाला आणि एकदा 'निष्ठावान' ठरला. दोन्ही वेळा संप करणाऱ्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. व्यवस्थापनाला निष्ठावान लागतो तो तेवढ्या आठवड्यापुरताच, हे यावरून उघड होते.

पण खरा तिसरा माणूस या दोन्ही गटांतला नव्हता. वरिष्ठ वैमानिकांना व्यवस्थापनाच्या हुद्द्यावर बढती मिळते, तेव्हा ते संघटनेच्या बाहेर जातात. त्यांना एक्झिक्युटिव्ह पायलट म्हणतात. संप झाला की शक्य तेवढी उड्डाणे चालू ठेवण्याची भिस्त यांच्यावर असते. त्यांची अडचण पाहा. ज्याच्या खुर्चीवर बसून आज विमान न्यायचे, तो उद्या त्याच कॉकपिटमध्ये शेजारी बसणार असतो. विमानात दोघांना एकमेकांच्या जबानीवर विश्वास ठेवावा लागतो. एकाने वाचायचे, दुसऱ्याने पडताळायचे. तेथे मनात अढी ठेवून काम करणे म्हणजे मागे बसलेल्या दीडशे उतारूंच्या जिवाशी खेळ आहे. आणि हे एक्झिक्युटिव्ह पायलट स्वतः तरी किती सुरक्षित? सप्टेंबर 2009 मध्ये एअर इंडियाने त्यांच्या कामगिरी-भत्त्यात मोठी कपात जाहीर केली. संघटना नसलेले हे साहेब लोक एकाएकी आजारी पडले आणि काही दिवस उड्डाणे कोलमडली. त्याच महिन्यात जेट एअरवेजचे पायलटही असेच सामुदायिक आजारी पडले होते, कारण त्यांनी नवी संघटना काढताच कंपनीने दोघांना काढून टाकले होते. नोटिशीने आजार येतो आणि नोटिशीने बरा होतो, हा वैद्यकशास्त्रातला शोध त्या सप्टेंबरातला. विनोद बाजूला ठेवू. जो संघटनेत नाही, त्याच्यावर वेळ आली की त्यालाही चार माणसे गोळा करावीच लागतात.

आता कामाच्या अदलाबदलीकडे वळू. पायलटचे लायसन्स विमानाच्या जातीप्रमाणे असते. एअरबस 320 चालवणाऱ्याला बोइंग 777 च्या कॉकपिटमध्ये, त्या विमानाचे प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याखेरीज, बसवता येत नाही. शिवाय वर्षाला 1000 तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही, आणि दिवसाच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या मर्यादा वेगळ्या. म्हणून संपात उरलेल्या पायलटला कंपनी कितीही गोड बोलली तरी तीन माणसांचे काम एकाकडून करून घेऊ शकत नाही. नियमच आडवा येतो. त्या बिचाऱ्याला 'नाही' म्हणायला कायदेशीर आधार मिळतो. सातपूरच्या प्रेस शॉपमधल्या मुलाला असा आधार कोठे आहे? काल झाडू मारणाऱ्याला आज पॉवर प्रेसवर उभे करायला लायसन्स लागत नाही. त्याची बोटे गेली तरच तो त्या कामाचा नव्हता हे सिद्ध होते.

आणि बदली माणसे आणून वेळ मारून नेण्याचा शेवट काय होऊ शकतो, हेही विमानाच्याच इतिहासात आहे. 1992 च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप चालू असताना कंपनीने परदेशातून विमाने खलाशांसकट भाड्याने आणली. त्यातले उझबेकिस्तानचे एक टुपोलेव्ह 154 विमान 9 जानेवारी 1993 रोजी हैदराबादहून येऊन दिल्लीत उतरताना कोसळले आणि पेटले. अल्लाहची मेहरबानी, की आत दीडशेहून अधिक माणसे असूनही सर्व वाचली. अपघाताला त्या दिवशीचे धुके आणि इतर कारणे होती. संप हे एकच कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण ते विमान त्या दिवशी त्या धावपट्टीवर आले ते संपामुळेच.

अमेरिकेतले एक प्रकरण मात्र आम्हाला सर्वांत बोलके वाटते. मे 1985 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी 29 दिवसांचा संप केला. कंपनीने संपाआधीच सुमारे 570 नव्या पायलटांना प्रशिक्षण देऊन तयार ठेवले होते. ही मुले अजून युनियनची सभासद नव्हती. नोकरीचा पहिला दिवस आणि संपाचा पहिला दिवस एकच येणार, असा बेत होता. आत या, नोकरी पक्की. बाहेर राहिलात तर नोकरी नाही. विमानाच्या धंद्यात ज्येष्ठता म्हणजे सारे काही आहे. कोणते विमान, कोणता मार्ग, ईदला किंवा नाताळला सुट्टी मिळणार की नाही, सर्व ज्येष्ठतेच्या यादीवर ठरते. तरीही त्यातले बहुतेक सर्व बाहेर राहिले. संप मिटल्यावर कंपनीने त्यांना घेण्याचे नाकारले आणि त्यांना कोर्टकचेऱ्या करून नोकरी मिळवावी लागली.

ते बाहेर का राहिले? निव्वळ भीतीने नव्हे. तो संप होताच मुळी नव्या माणसांच्या पगारावरून. जुन्यांचा पगार तसाच ठेवायचा आणि नव्याने येणाऱ्यांना त्याच कामाचा कमी पगार द्यायचा, असा कंपनीचा प्रस्ताव होता. युनियन जे आपले सभासद अजून झालेच नव्हते, त्यांच्या मजुरीसाठी रस्त्यावर उतरली होती. मग त्या सभासद नसलेल्यांनीही तिची पाठ सोडली नाही. यात आश्चर्य करण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही.

आता आमच्या सातपूरकडे या. येथे तिसरा माणूस एका प्रकारचा नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. एक असतो तो कायम कामगार, ज्याने युनियनची वर्गणी भरायची नाही असे ठरवले आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या युनियन मान्यता कायद्याने मान्यताप्राप्त युनियनचा करार सभासद आणि बिगरसभासद दोघांनाही लागू केला. म्हणजे वर्गणी न भरताही पगारवाढ याच्या खिशात पडते. बोनसचा आकडा युनियनने वाढवून घेतला की तो यालाही मिळतो. संपाच्या दिवसांत बाहेर बसणाऱ्याचा पगार बुडतो, याचा बुडत नाही, आणि वाढ मात्र दोघांना सारखी. अशा माणसाने आत जाऊन संपकऱ्याच्या मशीनवर उभे राहावे, हे आम्हाला इन्साफाला धरून वाटत नाही. तो युनियनचा विरोधक असेल, पुढाऱ्यावर त्याचा विश्वास नसेल, ते त्याचे मत. मग त्याने करार होताना वाढही नको म्हणावी. तसे करणारा कोणी आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

दुसरा आहे ठेकेदाराचा माणूस. त्याच्या कार्डावर कंपनीचे नाव नाही, ठेकेदाराचे आहे. तो त्याच शेडमध्ये, तोच जॉब, कित्येकदा कायम कामगाराच्या शेजारच्याच मशीनवर करतो. पण करार त्याला लागू नाही. वाढ नाही, बोनसची खात्री नाही, आणि युनियन त्याच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जात नाही. कायद्याने ठेका कामगाराला संघटना करण्यास बंदी कधीच नव्हती. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याखाली सात माणसांनाही संघटना नोंदवता येत होती. अडचण कायद्याची नाही, मनाची आहे. ठेका कामगार आत आला तर आपल्या वाढीत वाटेकरी येईल, असा हिशेब काही ठिकाणी केला जातो. आणि गेट मीटिंगच्या दिवशी त्याच ठेका कामगाराला हाक दिली जाते की, कामगार एकजुटीसाठी घरी बस. युनायटेडच्या युनियनने न आलेल्यांसाठी लढा दिला. येथे बारा वर्षे शेजारी उभ्या असलेल्याचा पगार किती हे पुढाऱ्याला ठाऊक नसते. त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करण्याचा अधिकार कोठून आला?

आमच्या कापडाच्या धंद्याला हा पेच नवा नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती ती 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याविरुद्ध. त्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच युनियन सर्व गिरणी कामगारांची प्रतिनिधी ठरवली होती. कामगार एका नेत्यामागे आणि कायदा दुसऱ्या युनियनमागे. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर गिरणगावही.

त्या काळात यंत्रमाग चालू होते. भिवंडी आणि आमच्या जिल्ह्यातले मालेगाव. मागावरचा मजूर म्हणजे संपूर्ण गावच तिसरा माणूस. बारा तासांची पाळी, पीस रेटवर मजुरी, ना युनियन, ना प्रॉव्हिडंट फंड. त्याला कोणी विचारले नव्हते की परळला संप करू का. मालेगावच्या विणकराने गिरणी कामगाराची भाकरी खाल्ली, असे आजही काही लोक बोलतात. आम्हाला हे सरसकट बोलणे मान्य नाही. मालेगावची रंगीत साडी संपाच्या आधीही विणली जात होती आणि ती विणणे हे विणकराचे स्वतःचे काम होते. संप झाला म्हणून त्याने माग बंद ठेवावा, असे सांगणारा त्याच्या मुलांना दोन घास पाठवणार होता काय? पण गिरणीमालकाने यंत्रमागावर कोरे कापड विणून घ्यायचे, त्यावर गिरणीचा छाप मारायचा आणि बाजारात गिरणीचे कापड म्हणून आणायचे, हे काम वेगळे. ते संपकऱ्याचेच काम होते, फक्त जागा बदलली होती. आमच्या वडिलांच्या पिढीतले व्यापारी ठाण हातात घेऊन बोटांनी सांगत की हे गिरणीत विणलेले नाही. गाहकाला ते कळत नसे. मागावरच्या मजुराला तर आपण कोणाचे कापड विणतो हे ठाऊकही नसे. ज्याला ठाऊक होते तो मालक आणि दलाल. दोष लावायचाच असेल तर तो तेथे लावावा.

विणकराच्या हातात पुढे काय राहिले? गिरण्या बसल्या, काम यंत्रमागाकडे आले, पण गिरणीतली मजुरी, सुट्ट्या, फंड, दवाखाना यांतले काहीही कामाबरोबर आले नाही. गिरणी कामगाराचा पगार हा एक मापदंड होता. तो मोडल्यावर मागवाल्याला कशाकडे बोट दाखवून मजुरी मागावी हेच उरले नाही. म्हणून संपकऱ्याचे नुकसान ते तिसऱ्या माणसाचा फायदा, हा हिशेब वर्षभर बरोबर निघतो आणि दहा वर्षांत चुकतो.

यावरून आमचे मत बनले आहे ते असे की, युनियनबाहेरच्या माणसाने आपले काम करावे, संपकऱ्याचे करू नये. ठेका कामगार रोज पॅकिंगला असेल तर त्याने संपातही पॅकिंग करावे. त्याची रोजी हलाल आहे. त्याला मशीन शॉपमध्ये उभे राहायला सांगितले, तर ते नाकारावे. एक्झिक्युटिव्ह पायलटनेही आपल्या नेहमीच्या पाळीचे विमान न्यावे, दुसऱ्याच्या पाळीचे नाही. ही रेषा प्रत्यक्षात अगदी सरळ राहत नाही, हे आम्ही जाणतो. मशीन शॉप बंद असेल तर पॅकिंगला माल कोठून येणार? तरीही ही रेषा दोन्ही बाजूंना दाखवता येते, आणि दाखवता येणारी रेषा नसली की गेटवर दगड आणि शिव्या येतात. संपात नसलेल्याला गेटवर अडवणे, धमकावणे हे 1971 च्या कायद्याने युनियनच्या बाजूची अनुचित प्रथा ठरवले होते. त्याचप्रमाणे कायदेशीर संप चालू असताना नवी भरती करणे ही मालकाच्या बाजूची अनुचित प्रथा. कायद्याने दोघांनाही ताकीद दिली होती. अंमल किती झाला हा भाग निराळा.

एक आक्षेप आम्ही ऐकला आहे. ठेका कामगार 'नाही' म्हणाला तर ठेकेदार त्याला दुसऱ्या दिवशी उभा करणार नाही, मग ही रेषा पोटभरल्या माणसाची झाली. आक्षेप खरा आहे. म्हणूनच हा निर्णय त्या एकट्यावर टाकता येत नाही. युनियनने संपाच्या मागणीपत्रात ठेका कामगाराच्या मजुरीचे निदान एक कलम घालावे, आणि संप मिटवताना 'नाही' म्हटल्याबद्दल काढलेल्या ठेका कामगाराला परत घेण्याची अट कायम कामगारांच्या अटीइतकीच लावून धरावी. हे ज्या युनियनला जमत नाही, तिने त्याला गद्दार म्हणू नये.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत 14 दिवस आधी नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. एकजुटीने रजेवर जाण्याची जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली. कामगार संघटनांचा या तरतुदींना विरोध आहे आणि त्यात तथ्य आहे. पण 14 दिवस हा काळ तिसऱ्या माणसाच्या उपयोगाचा होऊ शकतो. नोटीस फलकावर लागली की पहिल्या दोन दिवसांतच ठेका कामगारांनी चार-पाच जण मिळून ठेकेदाराला लेखी विचारावे की, संपाच्या दिवशी आम्हाला कोणत्या खात्यात, कोणत्या मशीनवर उभे करणार? त्याची एक प्रत युनियनच्या कचेरीत द्यावी. एकट्याने जाऊ नये.

सातपूरच्या दुकानदारांसाठीही एक गोष्ट. संपकरी आणि कामावर जाणारा, दोघांच्या घरची मंडळी अशोकनगर आणि श्रमिकनगरच्या त्याच दुकानांत येतात, फक्त संपाच्या दिवसांत वेगवेगळ्या वेळी येतात. कोण आत गेला आणि कोण बाहेर राहिला याच्या याद्या आमच्या गल्ल्यावर बसून तयार होतात, कारण कोणाच्या हातात रोख आहे ते आम्हाला आधी दिसते. ती बातमी कोणालाही देऊ नये, ना युनियनवाल्याला, ना ठेकेदाराच्या मुकादमाला. उधारीची मुदत दोघांना सारखी ठेवावी. संप लांबला तर शाळेच्या गणवेशाचे कापड तेवढे आधी द्यावे आणि हिशेब दिवाळीच्या बोनसला धरावा.